गुलाबाचं पिंप आणि नळाचं पाणी

आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही, पण संसाराला जो काही हातभार लागला तो दारूनेच लावला. हे वाक्य मी आजवर कितीतरी पंगतींत आणि हळदीकुंकवांत म्हणून पाहिलं आहे. ऐकणारीचा हात तोंडापाशी थांबतो. मग मीही थांबते, सावकाश पाण्याचा घोट घेते. गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं केल्यामुळे कुठे आणि किती थांबायचं ते मला बरोबर कळतं. समोरचीचे डोळे पुरेसे मोठे झाले की सांगते, मी घरी बॉडी स्प्रे बनवायचे हो!

गिरगावातली खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. केबिन रोडच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला, वन रूम किचन. आमचे हे फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. सकाळी सातला जायचे ते रात्री आठला उगवायचे. मधल्या वेळात बोलायला समोर फक्त भिंती, आणि माझ्यासारखीला प्रेक्षक नसले की जेवण जात नाही. म्हणून बोरिवलीला एक क्लास लावला. 'घरगुती सौंदर्यप्रसाधने, सहा शनिवार.' शिकवायला एक निवृत्त केमिस्ट होते. अंगाने काडी, बोलणं त्याहून वाळकं. पहिल्याच शनिवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'ज्यात पाणी आहे ते नासणार.' आणि खाली बसले. मला वाटलं, संपला की काय क्लास!

पण खरं सांगायचं तर तिथेच सगळा धंदा सांगून झाला होता. नुसतं तेल महिनोन्‌महिने राहतं, पावडर राहते. पण गुलाबजल, काकडीचं पाणी, कोरफडीचा गर घातलेला स्प्रे यांत पाणी असतं, आणि पाणी म्हणजे बुरशीला आणि जंतूंना माहेरच. पाचव्या दिवशी बाटलीत तार दिसते, आठव्या दिवशी झाकण उघडलं की ओल्या फडक्याचा वास येतो. तसं आमच्या भाईंदरला टिकवण्याचं शास्त्र नवीन नाही. पलीकडे मिठागरं, उत्तनच्या बाजूला काठ्यांवर वाळणारे बोंबील, बाजारात कोळणींच्या पाट्यांत बर्फ. पण गुलाबजलात मीठ घालून चालत नाही, आणि स्प्रे उन्हात वाळत घातला तर हातात फक्त बाटली उरते. म्हणून अल्कोहोल.

सर म्हणायचे, "अल्कोहोल हा पहारेकरी आहे. शंभर भागांत निदान पंचवीस भाग तो हवा. त्याला जास्त पाणी पाजलंत की तो झोपतो. आणि एक लक्षात ठेवा. तयार स्प्रे काचेसारखा स्वच्छ दिसला पाहिजे. धूसर झाला तर समजा, पाणी जास्त पडलं. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, ते बाहेर येऊन तुमच्याकडे बघत बसतं."

हे मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. या दोन रेघांबद्दल पुढे बोलू.

हे अल्कोहोल, म्हणजे स्पिरिट, कुठून आणायचं हाही एक प्रश्नच असायचा. पॉलिशवाल्याच्या दुकानातलं स्पिरिट विषारी, त्याला हात लावायचा नाही. सरांच्या ओळखीच्या एका अत्तरवाल्याकडे परवाना होता, त्याच्याकडून पावती घेऊन मी कॅनने आणायचे. त्यात आधीच कडूजहर औषध मिसळलेलं असे, म्हणजे कुणी चोरून घोट घेतलाच तर आठवडाभर त्याचं तोंड बघण्यासारखं व्हावं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. नवघर रोडवरचे एक गृहस्थ एकदा तणतणत दारात आले. हातात माझीच वाळ्याची बाटली.

"माझी मिसेस रोज संध्याकाळी भजनाला जाते," ते म्हणाले. "आणि घरातनं निघताना तिच्या अंगाला दारूचा वास येतो! तुम्ही बायकांना काय विकताय?"

मी त्यांचं मनगट धरलं, त्यावर एक फवारा मारला आणि म्हटलं, "आता मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजा."

एवढा मोठा माणूस जिन्यात उभा राहून आकडे मोजू लागला. शेजारच्या दोन दारांच्या फटी रुंदावल्या. दहा झाल्यावर म्हटलं, "आता वास घ्या." स्पिरिट उडून गेलेलं, मागे नुसता वाळा. गृहस्थ विरघळले. जाताना स्वतःसाठी एक बाटली घेऊन गेले. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी सूचना असे, मारा, दहा मोजा, मग नाक न्या.

हिराबाई माझ्याकडे आली तीही वाळ्यासाठीच. ती खारी गावची, केबिन रोडच्या बाजारात मासे विकायची. पन्नाशी उलटलेली, आवाज असा की रस्त्याच्या पलीकडचा रिक्षावाला दचकावा. मी तिची पापलेटं घ्यायचे, ती माझ्याकडचा वाळा.

"वैनी, हा म्हावऱ्याचा वास हातावरनं जात न्हाय बग," ती पहिल्यांदा म्हणाली होती. "लिंबू चोललं, माती चोलली, साबन झिजून गेला. तुजा फवारा मारला तवा कुटं भाकरी खाताना भाकरीचा वास आला."

एवढी मोठी पावती मला पुढे कधी मिळाली नाही.

आता मूळ गोष्ट. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं, एप्रिल संपत आलेला. हिराबाई बाजार आटोपून, रिकामी पाटी कमरेवर घेऊन, थेट माझ्या दारात.

"मनीचं लगीन काडलंय मे महिन्यात. दोनशे बाया येतील. मला दोनशे बाटल्या पायजेत, गुलाबाच्या. लहान."

"दोनशे? अगं, नारळ दे की सगळ्यांना. एवढं कशाला?"

ती उंबऱ्यावर टेकली. "वैनी, मी इतकी वरसं पाटी लावते. बाया भाव करतात तवा पन पदर नाकाला. माजी मनी लहान व्हती तवा शालंत तिच्या बाजूला कोन बसायचं न्हाय. तिच्या लग्नातनं एक पन बाई चांगला वास घेतल्याबगर जाता नये. हिराबाईच्या घरचा वास." मग बोट उगारून म्हणाली, "पन बाटलीला जरा जरी घान वास मारला ना, तर काय बोलतील ठाव हाय? कोलनीनं दिली, वास येनारच! मग मी बाजारात तोंड कसं दाकवू?"

मी छातीवर हात ठेवून, नाटकात ठेवतात तसा, म्हणाले, "हिराबाई, माझी बाटली आणि वास मारेल?"

माझ्याकडे वीस लिटरचं एक स्टीलचं पिंप होतं. दोनशे बाटल्यांना दहा लिटर लागणार होते. बाकीचे दहा पुढच्या महिन्याच्या गिऱ्हाइकांसाठी करू, असं ठरवलं. पहिले दहा मी स्वतः केले. उकळून गार केलेलं पाणी, गुलाबजल, थोडा कोरफडीचा गाळलेला रस, मोजून स्पिरिट, गुलाबाचं सुगंधी तेल. काचेसारखं स्वच्छ झालं. तेवढ्यात नाशिकहून निरोप आला, धाकट्या बहिणीचं बाळंतपण, चार दिवस तरी ये. उरलेले दहा लिटर यांच्यावर सोपवले. स्पिरिटचा दुसरा कॅन पलंगाखाली, बाकी सामान टेबलावर, कृती कागदावर. "रविवारी करा, विसरू नका," असं तीनदा सांगितलं. हे पेपरामागून तीनदा "हं" म्हणाले.

आणि घराची किल्ली ठेवली शेजारच्या जयाबेनकडे.

जयाबेन म्हणजे आमच्या मजल्याचा कणा. जैन, साठीच्या, माझ्याशी हिंदी-गुजरातीची भेळ करून बोलायच्या. त्या काळी आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं, आणि तेही स्वतःच्या मर्जीने. कधी दुपारी दोनला, कधी पहाटे, अर्धा तास नाहीतर पाऊण तास. नळ सुसू करायला लागला की मजल्यावर आरोळी उठायची आणि जी बाई घरात असेल ती सगळ्यांची घरं भरायची. किल्ल्या एकमेकींकडे असायच्या त्या त्यासाठीच. ड्रम, कळश्या, पातेली, बादल्या, एकदा तर मी भाताचा कुकरही भरून ठेवला होता. भांड्यात पोकळी दिसली की ती भरायची, हा आमच्या हाताला लागलेला गुणच होता. मी निघताना जयाबेनना म्हटलं, अगदी याच शब्दांत म्हटलं, "पानी आया तो जो खाली दिखे वो भर देना."

"चिंता मत करो, बेन. तुम जाओ, बेबी का मुँह देखो."

आता इथे नाटकाचा नियम. प्रेक्षकांना सगळं दिसतं, नायिकेला नाही. म्हणून तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. शनिवारी दुपारी पाणी आलं. जयाबेननी माझं घर उघडलं, ड्रम भरला, कळश्या भरल्या, आणि कोपऱ्यातलं पिंप अर्धं रिकामं बघून त्यात नळी सोडली; माझ्या घरात गुलाबाचा वास रोजचाच, त्याचं त्यांना नवल नव्हतं. काठोकाठ. रविवारी यांनी आठवण झाल्यावर पिंपाचं झाकण उघडलं, पिंप भरलेलं, गुलाबाचा वास येतोय. यांना वाटलं, बायकोने जायच्या आधीच सगळं करून ठेवलं आणि सांगायला विसरली. झाकण लावलं, टेबलावरचं सामान कपाटात सारलं आणि झोपले.

सोमवारी मी परत आले. पिंप काठोकाठ! मला भरून आलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि या माणसाने सांगितलेलं काम सांगितल्या दिवशी केलं होतं.

संध्याकाळी म्हटलं, "जमलं की हो तुम्हाला!"

यांना मी कशाबद्दल बोलतेय ते ठाऊक नव्हतं. पण कौतुक समोरून चालत आलं तर त्याला नाव-गाव विचारायची यांची पद्धत नाही. बूट काढता काढता म्हणाले, "न जमायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी नमुना काढून उजेडात धरला तर स्प्रे किंचित धूसर. ताकाच्या निवळीसारखा. इथे त्या वहीतल्या दोन रेघा आठवायला हव्या होत्या. आठवल्या नाहीत असं नाही, आठवल्या! पण मी नटी. मला त्या धूसरपणात सौंदर्य दिसलं. मनाशी म्हटलं, यांनी गुलाबाचं तेल जरा सढळ हाताने घातलं असेल, आणि छानच दिसतंय की. मी त्याला नावसुद्धा ठेवलं, 'दुधाळ गुलाब'. लग्नाचा माल म्हणजे वेगळा दिसायलाच हवा, असं शेजारणींना ऐटीत सांगितलं. आजही ते नाव आठवलं की मी एकटीच मान खाली घालते.

आठवडाभर मुरू दिलं. मग दोनशे बाटल्या भरून हिराबाईच्या घरी पोचवल्या. आणि सरांच्या शिस्तीप्रमाणे एक बाटली माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. प्रत्येक खेपेची एक बाटली आपल्या डोळ्यांसमोर ठेवायची, ही त्यांची शिकवण. ही एक शिस्त तरी पाळली, म्हणून आज हे हसत हसत लिहितेय.

लग्न शनिवारी. गुरुवारी सकाळी चहा गाळताना सहज खिडकीकडे बघितलं. बाटलीच्या तळाशी कापसाची एक तार हलत होती.

मी गाळणं तसंच हातात धरून बाटली उघडली. गुलाब होता, पण त्याच्या मागे कुणीतरी ओलं फडकं घेऊन उभं होतं.

यांना हाक मारली. हे दाढीचा फेस लावलेले बाहेर आले.

"तुम्ही स्पिरिट किती घातलं होतं?"

"कशात?"

"पिंपात! त्या रविवारी!"

"मी कुठे काय घातलं? पिंप तर भरलेलं होतं. तूच केलेलं ना?"

मी पलंगाखाली हात घालून कॅन ओढला. जड लागला. सील जसंच्या तसं होतं. मग पायात चपला न घालता शेजारी गेले आणि आवाज शक्य तितका गोड ठेवून विचारलं, "जयाबेन, मैं नाशिक गयी थी तब पानी आया था क्या?"

"आया था ने! चालीस मिनट!" जयाबेनचा चेहरा उजळला. "मैंने तुम्हारा सब भर दिया. वो कोनेवाला पीप भी. आधा खाली था बिचारा."

आता या बाईला काय बोलणार? आपणच सांगितलेलं काम तिने आपल्यापेक्षा नीट केलं होतं. मी म्हटलं, "थँक्यू, जयाबेन," आणि घरी येऊन मटकन बसले.

हिशोब सरळ होता. पंचवीस भागांचे साडेबारा झाले होते. पहारेकरी ढाराढूर. वर नळाचं न उकळलेलं पाणी आणि कोरफडीचा रस, म्हणजे जंतूंना जेवणाचं आमंत्रण. आणि त्या दोनशे बाटल्या खारीला, हिराबाईच्या घरी, मे महिन्याच्या उकाड्यात.

यापुढचं लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी दहा मिनिटं तशीच बसले आणि त्या दहा मिनिटांत माझ्या मनात एक फार सोयीचा विचार आला. खिडकीतल्या बाटलीला ऊन लागलंय, म्हणून ती आधी गेली. बाकीच्या दोन दिवस तग धरतील. शनिवारी बायका फवारे मारतील, खूश होतील, बाटल्या घरी नेतील. पुढच्या आठवड्यात त्यांच्या कपाटात वास आला तर कुणाला कळणार, काय झालं ते?

कळलं नसतं. पण त्या काय म्हणाल्या असत्या ते हिराबाईने माझ्या उंबऱ्यावर बसून आधीच सांगून ठेवलं होतं. कोलनीनं दिली, वास येनारच.

रिक्षा करून खारीला निघाले. वाटेत कबुलीच्या तीन तालमी केल्या, एक रडकी, एक शास्त्रीय, एक थोडी विनोदी. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मैडम, कौन गुजर गया?"

खारीला दारात मांडव, आतल्या बाया हळदीच्या तयारीत, गाणी, हसणं. मनी ओट्यावर बसून मेंदीचे हात वाळवत होती. मला बघून म्हणाली, "वैनी, आईनं तुमच्या बाटल्यांना कोनाला हात लावू दिला न्हाय!"

हिराबाई बाहेर आली. माझ्या तिन्ही तालमी त्या क्षणी विसरल्या. मी नुसतं म्हणाले, "हिराबाई, बाटल्या वाटू नकोस. नासल्यायत. पाणी जास्त पडलं. चूक माझी आहे."

ती माझा दंड धरून मला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे भिंतीला लागून दोन मोठी थर्माकोलची खोकी होती, ती बर्फ आणि मासे ठेवते तसली, पण कोरी. तिने एकाचं झाकण उचललं. आत ठेचलेला बर्फ, त्यावर प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकवर ओळीने माझ्या बाटल्या. डोकी एका दिशेला, शेपट्या एका दिशेला म्हणावं इतक्या नीट लावलेल्या.

"चार दिस जाले ठिवून," हिराबाई म्हणाली. "एक उगडून बगितली व्हती. मी जल्मभर म्हावरं इकते, वैनी. कालचं कुठलं, आजचं कुठलं, बरफात लपवलेलं कुठलं, माज्या नाकाला सांगावं लागत न्हाय. तुजा गुलाब शिला जालाय ते मला तवाच समजलं."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडले.

"बगत व्हते, तू येतेस का न्हाय."

"आणि आले नसते तर?"

"तर उद्या सकाली सगल्या बाटल्या वतून टाकनार व्हते आनि बायांना नारल देनार व्हते. दोनशे नारल सांगून ठिवलेत." ती थांबली. तिलाही कुठे थांबायचं ते कळत होतं, माझ्यापेक्षा जास्तच. "आनि तुज्या दारात परत आले नसते. भांडले पन नसते. शिलं म्हावरं पाटीच्या खाली लपवनारीशी मी भांडत न्हाय. तिच्याकडं जात न्हाय, बस."

माझे डोळे भरून आले. रडकी तालीम केली होती, पण हे त्यातलं नव्हतं. डोळे पुसत मी विचारलं, "पण बर्फात का ठेवल्यास?"

हिराबाईने माझ्याकडे असं बघितलं जसं एखाद्या अडाणी बाईकडे बघतात. "मग नासायला लागलेली चीज काय उनात ठिवायची?"

आणि आम्ही दोघी त्या पडवीत, खोक्यांच्या मध्ये, पोट धरून हसलो. बाया गाणी थांबवून बघायला आल्या.

"हिराबाई, मला उद्या दुपारपर्यंत वेळ दे," मी म्हटलं. "नवीन करून आणते."

"तू आन," ती म्हणाली. "नारल पन राहू दे. दोनी देईन."

घरी आले. स्पिरिट होतं. यांच्या आळसामुळे ते जसंच्या तसं शिल्लक होतं, दहा लिटरना मोजून पुरेल इतकं. पिंपातलं उरलेलं मोरीत ओतलं. जुन्या बाटल्या पुन्हा वापरायच्या नव्हत्या, तेव्हा यांना नव्या बाटल्या आणायला मुंबईत पिटाळलं. सकाळचा गोंधळ बघून हे कचेरीला गेलेच नव्हते, कारण न विचारता रजा टाकली होती. सात वर्षांत पहिल्यांदा. गुलाबजल आणि तेल घरात होतं. कोरफड या वेळी वगळली, जंतूंचं जेवण बंद. नव्हतं ते फक्त पाणी. नळाला उद्याशिवाय येणार नव्हतं, आणि ड्रममधलं खरवडून स्वयंपाकापुरतं उरलेलं.

मी दाराशी उभी राहून हे मोजत होते तर जयाबेन बाहेर आल्या. माझा चेहरा सकाळपासून त्यांच्या मनात खुपत असणार. "बेन, क्या हुआ? सच बोलो."

सांगावं लागलं. शक्य तितकं हळू सांगितलं. त्यांचा हात आधी तोंडावर गेला, मग कपाळावर.

"अरे भगवान! इसीलिए!" त्या म्हणाल्या. "तुम्हारा पीप भरके मैंने नळी मेरे मटके में डाली, तो पानी में गुलाब की खुशबू आयी! मैंने पूरे बिल्डिंग में बोल दिया, आज का पानी बहुत पवित्र है. मैंने तो भगवान को चढ़ाया!"

खरंच, त्या आठवड्यात बिल्डिंगमध्ये चर्चा होती की पाण्यात नगरपालिका काहीतरी मिसळतेय. तळमजल्यावरचे एक आजोबा तक्रार अर्ज लिहायला बसले होते.

हसून झाल्यावर जयाबेन आत गेल्या. त्यांच्याकडे रोजचं पिण्याचं पाणी उकळून, गार करून, गाळून ठेवलेलं असे. त्यांच्या धर्माची शिस्तच तशी, माझ्या सरांनीही मान लववावी अशी. त्यांनी झाकलेला हंडा बाहेर आणला. उचलताना एकदा थांबल्या.

"ये वो मच्छीवाली बाई के लिए है ने?"

मी मान हलवली. मनात म्हटलं, गेलं.

"लड़की की शादी छे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ले जाओ. और शाम को मैं फिर उकाळूँगी, बाजूवालों से लेके. जितना चाहिए उतना."

पुढचं सगळं धावपळीचं पण सुखाचं. शुक्रवारी सकाळी मजल्यावरच्या चार बायका जमिनीवर बसून बाटल्या भरत होत्या, जयाबेन एकेक झाकण पिळून घट्ट करत होत्या. मी प्रत्येक बाटली उजेडात धरून बघत होते. काच. नुसती काच. मुरायला वेळ मिळाला नाही, एवढीच खंत. पहिल्या फवाऱ्याला स्पिरिट जरा नाकात चढत होतं. हिराबाईला ते सांगितलं आणि माझा मंत्रही दिला.

शनिवारी लग्नाला गेले तर ही बाई मांडवाच्या तोंडाशी, हिरवं लुगडं, नाकात नथ, उभी राहून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या मनगटावर स्वतः फवारा मारत होती आणि बाजारातल्या आवाजात ओरडत होती, "धा आकडे मोज! मोज, मोज! मंग वास घे!" मांडवभर बाया एक दोन तीन चार करत होत्या. आतला भटजी मंगलाष्टकांत अडखळला असणार, अशी मला शंका आहे. मनी बाशिंगाखालून आईकडे बघून हसत होती.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची बायकोही आली होती. तीच ती, बाजारात पदर नाकाला लावून पापलेटं निवडणारी. जेवून निघताना लाडात येऊन म्हणाली, "हिराबाई, फारच छान वास आहे गं. अजून एक बाटली मिळेल का? माझ्या जावेसाठी."

हिराबाईने बाटली काढली, तिच्या हातावर ठेवली आणि हात सोडलाच नाही.

"घे की. पन परवा बाजारात नाक मोकलं ठेवायचं हां, ताई."

ती बाई लाल झाली. पण सोमवारी मी मुद्दाम बाजारात जाऊन बघितलं. पदर खांद्यावर होता.

त्यानंतर धंदा चांगली दहा वर्षं चालला. हिराबाई दर महिन्याला यायची, आणि प्रत्येक वेळी बाटली उजेडात धरून, झाकण उघडून, माशाचे कल्ले बघावेत तशी बारकाईने तपासायची. मला राग आला नाही कधी. 'दुधाळ गुलाब' मात्र मी पुन्हा केला नाही, कुणी कितीही मागितला तरी.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हे केबिन रोडवरून एक पितळी कुलूप घेऊन आले. पिंपाच्या झाकणाला कडी बसवली आणि मी ते कुलूप लावलं. आता पाणी कधीही येवो, कितीही येवो, माझ्या स्प्रेला धोका नाही.

किल्ली अर्थातच जयाबेनकडे ठेवली.